ऑलीचा कोर्स झाला, आता बर्फात शिकवायचं काम कसं मिळवायचं?

विचारलेलं थोडक्यात असं: वय २४, राहणार नाशिक. सह्याद्रीत ट्रेक लीड करता, उत्तराखंडातल्या ऑलीला गढवाल मंडल विकास निगमचा १४ दिवसांचा स्की कोर्स केलाय. आता आयटीतली नोकरी सोडून एक सीझन परदेशातल्या रिसॉर्टवर स्की किंवा स्नोबोर्ड शिकवायचंय. काम मिळेल का, कुठे मिळेल, पैसे सुटतात का, आणि स्की बरं की बोर्ड?

मी मेलबर्नला राहते, हिवाळ्यात व्हिक्टोरियातल्या डोंगरांवर स्की शिकवते आणि सीझनच्या सुरुवातीला नव्या शिक्षकांच्या निवडीलाही असते. म्हणून ऑस्ट्रेलियाबद्दल सविस्तर लिहिते, बाकी देशांबद्दल कामापुरतं.

काम मिळू शकतं. फक्त तुम्ही क्रम उलटा लावलाय. आधी स्कीइंग चांगलं करायचं, मग नोकरी शोधायची आणि शेवटी व्हिसाचं बघायचं, असा तुमचा बेत दिसतो. भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा बघायचा, मग शिकवता येतं का ते, आणि स्कीइंगची सफाई त्यानंतर.

व्हिसापासूनच सुरू करू. जगभरच्या रिसॉर्टवर पहिला सीझन करायला येणारी बहुतेक पोरं वर्किंग हॉलिडे व्हिसावर, म्हणजे तरुणांना परदेशात फिरता फिरता काम करू देणाऱ्या व्हिसावर असतात. ब्रिटिश, जपानी, अर्जेंटिनाची मुलं बॅग भरतात आणि निघतात. कॅनडाच्या या योजनेत भारत नाही, जपानच्याही नाही. तरीही इंटरनेटवर ‘आठ आठवड्यांत इन्स्ट्रक्टर व्हा, नोकरीच्या मुलाखतीची हमी’ अशा जाहिराती तुम्हाला दिसत असतील. ते लोक ट्रेनिंग देतात, राहायची सोय करतात, मुलाखतही घडवून आणतात. व्हिसा मात्र देऊ शकत नाहीत, आणि ब्रिटिश मुलांसाठी बनवलेल्या त्या पॅकेजमध्ये हे कुठे ठळक लिहिलेलं नसतं. लाखो रुपये भरण्याआधी एकच प्रश्न ईमेलवर विचारा: माझ्या पासपोर्टवर मला तुमच्या देशात पगारी काम करता येईल का, आणि कोणत्या व्हिसावर? गोलगोल उत्तर आलं तर पुढे जाऊ नका.

भारतीयांसाठी खरी फट उघडली ती ऑस्ट्रेलियात. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारामुळे ४६२ क्रमांकाचा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा आपल्यासाठी खुला झाला आणि १ ऑक्टोबर २०२४ ला त्याची पहिली सोडत सुरू झाली. वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०. सोडतीच्या नोंदणीला २५ ऑस्ट्रेलियन डॉलर लागतात. नाव निघालं तर २८ दिवसांत पूर्ण अर्ज करायचा. त्यासाठी बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण, इंग्रजीचा पुरावा आणि खात्यात साधारण ५,००० डॉलर दाखवावे लागतात. मुक्काम एक वर्षाचा. एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही, पण इथला बर्फाचा सीझनच जेमतेम चार महिन्यांचा, त्यामुळे ती अट आड येत नाही. अर्ज जागांच्या कितीतरी पट येतात, म्हणजे हा नशिबाचा भाग आहे हे धरून चाला. तुम्ही २४ चे आहात, अजून बऱ्याच सोडती हातात आहेत. नाव निघेपर्यंत नोकरी सोडू नका. राजीनामा आधी आणि सोडत नंतर, असं करणारे मला भेटलेत.

दुसरा रस्ता विद्यार्थ्यांचा. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं आणि सुट्टीत तासांची मर्यादा नसते. इथल्या विद्यापीठांची मधली सुट्टी जूनअखेर ते जुलैत पडते, आणि शाळांची हिवाळी सुट्टीही त्याच सुमारास. रिसॉर्टला वर्षातली सगळ्यात जास्त माणसं याच दिवसांत लागतात. मेलबर्नला शिकणारी आपली मराठी मुलं गोदामात आणि पेट्रोल पंपावर रात्रपाळ्या करतात. त्यांना ही कामं असतात हेच ठाऊक नसतं. अर्थात बर्फासाठी म्हणून मास्टर्सला ॲडमिशन घेऊ नका, तो हिशेब कुठूनच बसत नाही. आधीच इथे असलेल्यांसाठी हे सांगितलं.

बाकी देश भराभर सांगते. ब्रिटनची ‘यंग प्रोफेशनल्स’ योजना भारतीय पदवीधरांसाठी आहे, तीही सोडतीवर. पण ब्रिटनमध्ये बर्फ म्हणजे स्कॉटलंडचे काही डोंगर आणि बाकी इनडोअर हॉल. दुबईत ‘मॉल ऑफ द एमिरेट्स’मध्ये २००५ पासून चालू असलेलं स्की दुबई आहे. सगळ्यात लांब उतार ४०० मीटरचा, म्हणजे डोंगर म्हणावा असं काही नाही. पण ते बारा महिने चालतं, व्हिसा मालक काढतो आणि दिवसभर नवशिकेच समोर येतात. शिकवायचा हात बसायला ती जागा वाईट नाही, नाक मुरडू नका. जपानमध्ये ठरावीक प्रमाणपत्रं असलेल्या स्की शिक्षकांसाठी व्हिसाची वेगळी सोय आहे, पण तिचा विचार शिक्षक परवान्याची दुसरी पायरी, म्हणजे लेव्हल टू, झाल्यावर करा. फ्रान्स सध्या विसरा. तिथे पूर्ण परवान्यासाठी जायंट स्लॅलमची, म्हणजे रोवलेल्या खांबांच्या गेट्समधून वळत जायच्या शर्यतीची, वेळ लावलेली परीक्षा द्यावी लागते, लहानपणापासून गेट्समधून रेसिंग केलेली मुलंसुद्धा तिथे नापास होतात.

आता प्रमाणपत्र. ऑलीचा कोर्स असो, गुलमर्गच्या ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग’चा असो किंवा मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी संस्थेचा असो, तिथे मिळते ती विद्यार्थ्याची ग्रेड. शिकवायचा परवाना वेगळा. तो प्रत्येक देशाची शिक्षक संघटना देते: ऑस्ट्रेलियात एपीएसआय, न्यूझीलंडमध्ये एनझेडएसआयए, कॅनडात स्कीसाठी सीएसआयए आणि बोर्डसाठी सीएएसआय, ब्रिटनमध्ये बासी. या संघटना आयएसआयए नावाच्या आंतरराष्ट्रीय छत्राखाली असल्यामुळे एका देशाचं कार्ड दुसरीकडे ओळखलं जातं. चढायच्या पायऱ्या साधारण चार. कॅनडाची लेव्हल वन तीन दिवसांची, बासीची पाच दिवसांची. त्यातही बासीला स्की स्कूलमध्ये अनुभवी शिक्षकाच्या मागे राहून ३५ तास काढावे लागतात. दिवसांचे आकडे बघून सोपं समजू नका. त्या तीन किंवा पाच दिवसांत स्की करायला शिकवत नाहीत, तुम्हाला ते येतं असं धरूनच सुरुवात होते.

येतं म्हणजे किती? मध्यम उतारावर, इथे त्याला ब्लू रन म्हणतात, दोन्ही स्की समांतर ठेवून, वेग हातात ठेवून, सकाळच्या कडक बर्फावर एकामागून एक वळणं घेता आली पाहिजेत. आणि त्याहून अवघड म्हणजे अगदी सपाटशा उतारावर, चालण्याच्या वेगाने, नीट दिसेल असा स्नोप्लाऊ, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची फाकवून वेग आवरणं, करून दाखवता आला पाहिजे. जोरात जाणं सोपं असतं, वेगात चुका झाकल्या जातात. सावकाश केलं की पाठ मागे कलतेय, एक खांदा आत फिरतोय, वजन एकाच पायावर आहे, हे सगळं उघडं पडतं. परीक्षक तेवढंच बघतो.

१४ दिवसांच्या कोर्सनंतर तुम्ही या पातळीला आला असाल असं मला वाटत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. अजून तीन-चार आठवडे बर्फावर काढावे लागतील, आणि ते भारतात काढणंच स्वस्त पडतं. ऑलीचा जोशीमठ रोपवे जमीन खचल्यावर जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला हे तुम्ही पाहिलंच असेल; उतार मात्र चांगला आहे. माझी पसंती गुलमर्गला, कारण तिथे खाली नवशिक्यांची मैदानं आणि ड्रॅग लिफ्ट (स्की पायात असतानाच वर ओढत नेणाऱ्या) आहेत, आणि गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, पहिल्या टप्प्यावर कोंगडोरीला मधल्या प्रतीचा उतार मिळतो. दुसरा टप्पा अफरवटला जवळजवळ ४,००० मीटरवर नेऊन सोडतो. तिथून खाली सगळा मोकळा डोंगर, आखलेला, रोलर फिरवलेला रस्ता नाही. तिथे गाइडशिवाय पाऊल टाकू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीअर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीअर त्याच बाजूला हिमस्खलनात गेले. शिवाय तुमच्या कामासाठी त्या उताराचा काडीचा उपयोग नाही. तुम्हाला गरज आहे ती हलक्या उतारावर तेच वळण पुन्हा पुन्हा घोटण्याची.

तारखा धरताना चिल्लई कलानवर, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस कडक दिवसांवर, भरवसा ठेवायचे दिवस गेले. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग महिनाभर पिवळं गवत घेऊन बसलं होतं. २०२५ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पाही बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावा लागला. मी फेब्रुवारीच्या मध्यापासून पुढचे दिवस धरीन, आणि तिकीट बदलता येईल असंच काढीन.

पुढचा भाग निवडीचा. इथे बहुतेक स्की स्कूल नवशिक्या शिक्षकांना, ज्यांना रूकी म्हणतात, सीझनच्या तोंडावर काही दिवसांच्या हायरिंग क्लिनिकमध्ये जोखतात. त्या आधी ऑनलाइन मुलाखत झालेली असते. क्लिनिकमध्ये सगळ्यांचं लक्ष एकमेकांच्या स्कीइंगवर असतं. माझं लक्ष असतं ते, दोघांची जोडी लावून ‘हिने आयुष्यात बर्फ पाहिला नाही असं समज आणि पहिली दहा मिनिटं शिकव’ असं सांगितल्यावर कोण काय करतं यावर. चांगलं स्की करणारे बरेच जण इथे लगेच घसरतात: उभं कसं राहायचं, गुडघे किती वाकवायचे, वजन कुठे, नजर कुठे, हात कुठे, सगळं एका दमात ओतून मोकळे होतात. समोरचा माणूस अजून एक बूट घट्ट झाला म्हणून कळवळत असतो. ज्याला आधी तो बूट दिसतो, त्याला मी घेते.

बुटाचंच सांगते, कारण तुमचा पहिला महिना त्यातच जाणार आहे. मेलबर्नहून सकाळी निघून माउंट बुलरला आलेलं आपलं एखादं कुटुंब डोळ्यांसमोर आणा. तीन तास गाडी चालवून आलेत, मॅन्सफिल्डला थांबून कपडे भाड्याने घेतलेत, आणि थंडी वाजू नये म्हणून दोन-दोन जोड मोजे चढवलेत, त्यात थर्मलची पँट बुटात खोचलेली. तासाभरात पाय बधिर होणार आणि ‘आम्हाला जमत नाही’ म्हणून माणसं कॉफीला निघून जाणार. म्हणून आधी मोज्यांचा एक जोड काढायला लावायचा. बुटात मोज्याशिवाय काहीही जाता कामा नये, सुरकुतीसुद्धा नाही. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकतात, ते बरोबर आहे. गुडघे वाकवले की ती मागे सरकतात. टाच खाली आपटून बसवायची, मग नडगीवरचा बकल आधी आणि पावलावरचे नंतर लावायचे. मग दोन्ही बूट घालून नुसतं चालायला लावायचं, चढावर आडवं, उतारावर जपून. पाचच मिनिटं लागतात, पण पुढचे दोन तास यावर अवलंबून असतात.

मग एकाच पायात स्की. एका पायाने ढकलायचं, दुसऱ्यावर घसरायचं, मग पाय बदलायचा. मग दोन्ही, अगदी सपाटीवर. इथपर्यंत सगळे हसत असतात. उतार आला की भीती वाटते, आणि भीती वाटली की माणूस मागे कलतो, खुर्चीत बसल्यासारखा. मागे कलला की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, वळत नाहीत, वेग वाढतो आणि भीती आणखी वाढते. ‘पुढे वाका’ असं ओरडून उपयोग होत नाही. मग ते कमरेत वाकतात आणि ढुंगण तिथेच मागे राहतं. मी सांगते, ‘नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली राहू दे, ती सुटली की मला सांग.’ करायला एकच गोष्ट आणि ती त्याची त्याला कळते. बाकीचं शरीर आपोआप ठिकाणावर येतं. असं एकच वाक्य शोधून ठेवणं हाच या धंद्यातला अर्धा माल आहे, आणि ते प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळं लागतं.

मुलांचं आणखी निराळं. स्कीची पुढची टोकं जवळ आणि शेपट्या फाकलेल्या, म्हणजे तोच स्नोप्लाऊ, याला म्हणायचं पिझ्झा; दोन्ही समांतर म्हणजे फ्राईज. जगभर हेच चालतं. पण पाच वर्षांच्या मुलांच्या गटात शिकवण्यापेक्षा सांभाळणं जास्त असतं. हेल्मेट, गॉगल, हातमोजे, बूट सगळं चढवून झालं की कुणाला तरी हमखास शू लागते. मॅजिक कार्पेटवर, म्हणजे नवशिक्यांना वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर, एक पडला की मागचे सगळे त्याच्यावर. सतत डोकी मोजायची, आणि संध्याकाळी मूल ज्याच्या नावे नोंदलंय त्याच्याच हातात द्यायचं, ‘मी त्याचा काका’ म्हणणाऱ्याच्या नाही. व्हिक्टोरियात यासाठी ‘वर्किंग विथ चिल्ड्रन चेक’ नावाचं कार्ड लागतं, ते मिळेपर्यंत मुलांचा वर्ग देत नाहीत. तुम्ही शाळांचे ट्रेक नेले असतील तर अर्जात ते सगळ्यात वर लिहा. पन्नास पोरं हरिश्चंद्रगडावर नेऊन सुखरूप उतरवली, ही गोष्ट निवड करणाऱ्याला तुमच्या समांतर वळणांपेक्षा जास्त सांगून जाते. भाषाही लिहा: मराठी, हिंदी, जी काही येत असेल ती. बुलर काय, फॉल्स क्रीक काय, पहिल्यांदा बर्फ बघायला येणाऱ्यांत भारतीय कुटुंबं भरपूर असतात. भेदरलेल्या आजीला ‘काही होत नाही आजी, माझा हात धरा’ असं मराठीत म्हणणारा शिक्षक स्की स्कूलला हवाच असतो.

कुठे अर्ज करायचा? व्हिक्टोरियात बुलर, फॉल्स क्रीक, हॉथम. न्यू साउथ वेल्समध्ये पेरिशर आणि थ्रेडबो. डोंगर हिमालयासारखे नाहीत. बुलरचं गाव १,६०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही थोडं खाली, आणि शिखर १,८०५ मीटर. त्यामुळे विरळ हवेचा त्रास नाही, पण बर्फ लहरी. सकाळी काचेसारखा कडक, दुपारी पचपचीत, आणि मधेच पाऊस. सीझन जूनच्या दुसऱ्या सोमवारच्या जोडसुट्टीला सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतो. उद्‌घाटनाला कित्येकदा यंत्राने पाडलेल्या बर्फाचा एक पट्टा आणि भोवती हिरवळ, असं दृश्य असतं.

यावरच तुमचा पगार अवलंबून. किमान दर ‘अल्पाइन रिसॉर्ट्स अवॉर्ड’ नावाच्या सरकारी नियमावलीने ठरतात आणि प्रमाणपत्राची पातळी वाढली की दर वाढतो. ताशी आकडा रुपयांत गुणून बघाल तर डोळे दिपतील. पण तास किती मिळतात ते बघा. सकाळी लाइनअपला सगळे शिक्षक हजर राहतात आणि आलेल्या गिऱ्हाइकांचे गट ज्येष्ठतेने वाटले जातात. शाळांच्या सुट्टीत तुम्हाला दिवसभर वर्ग. ऑगस्टमधल्या पावसाळी मंगळवारी रूकीच्या वाट्याला एकही वर्ग येत नाही. करारात आठवड्याला किमान किती तासांची हमी आहे ते सही करण्याआधी विचारा. हमी नसेल तर संध्याकाळचं दुसरं काम धरून ठेवा: भाड्याच्या दुकानात बूट बसवणं, हॉटेलात भांडी, लिफ्टवर माणसं बसवणं. ४६२ वर याला आडकाठी नाही.

खर्चात सगळ्यात मोठा घास घरभाड्याचा. पेरिशर-थ्रेडबोचे कामगार जिंदाबाइनला राहतात आणि सीझनमध्ये तिथे खोली मिळणं नोकरी मिळण्यापेक्षा अवघड असतं. एका बाजूला जास्त दर आणि राहायची सोय नाही, दुसऱ्या बाजूला थोडा कमी दर आणि स्टाफ क्वार्टरमध्ये बंक बेड, असं असेल तर डोळे मिटून बेड घ्या. लिफ्टचा पास शिक्षकांना सहसा मोफत असतो. स्वतःचे बूट मात्र घ्याच, तेही बूट फिटरकडे पाय मोजून. स्की सेकंडहँड चालतात, बूट नाही. आल्याबरोबर टॅक्स फाइल नंबर काढा. मालक तुमच्या नावे सुपरॲन्युएशन, म्हणजे आपल्या पीएफसारखी रक्कम, भरतो आणि देश सोडल्यावर ती काढता येते. पण वर्किंग हॉलिडेवाल्यांच्या त्या रकमेवर ६५ टक्के कर कापला जातो, तेव्हा तिच्यावर मनोरे रचू नका. एकूण जमाखर्च असा: विमानभाडं, व्हिसा, बूट आणि लेव्हल वनची फी धरली तर पहिला सीझन बरोबरीत सुटला तरी चांगला म्हणायचा. साठवायचे पैसे वर्षाच्या उरलेल्या आठ महिन्यांत दुसऱ्या कामातून येतात.

स्की की बोर्ड? तुमच्या बाबतीत स्की, कारण पाया घातलेला आहे आणि सहा-सात वर्षांखालची मुलं बहुतांशी स्कीवरच शिकतात. मुलांचे वर्ग म्हणजे तास. बोर्डचे पहिले दोन दिवस हाल असतात. टाचेच्या कडेवर सरकणं, बोटांच्या कडेवर सरकणं, आणि या दोन्हींच्या मधे एक क्षण बोर्ड सपाट झाला की उताराकडची कड बर्फात रुतते आणि माणूस सपशेल आपटतो. पण ते दिवस काढले की प्रगती झपाट्याने होते, आणि मोठेपणी शून्यापासून सुरू करणाऱ्याला बोर्डची लेव्हल वन गाठणं तुलनेने लवकर जमतं असा माझा अनुभव आहे. म्हणून स्कीची लेव्हल वन झाली की त्याच सीझनमध्ये रिकाम्या दिवसांत बोर्ड शिकायला घ्या. दोन्ही येणारा माणूस लाइनअपला रिकामा उभा राहत नाही. बोर्ड शिकताना आणि शिकवताना एकच ध्यानात ठेवा: पडताना तळवे उघडे टेकायचे नाहीत, मुठी मिटायच्या. नवशिक्या बोर्डरचं मनगट सगळ्यात आधी जातं, स्कीअरचा गुडघा.

‘भारतातच का नाही?’ असंही एकाने विचारलंय. गुलमर्गच्या खालच्या मैदानावर शिकवणारी आणि स्लेज ओढणारी माणसं आसपासच्या गावांतली. वर्षाची कमाई त्यांची त्या दोन-तीन महिन्यांत होते. बाहेरून जाऊन त्यांच्या ताटात हात घालावा असं मला वाटत नाही, आणि दरात तुम्ही त्यांच्याशी टिकणारही नाही. मराठी माणसाला तिथे जागा आहे ती गट नेण्याची. पुण्या-नाशिकहून वीस जण गोळा करायचे, त्यांची आधी महिनाभर व्यायामाची तयारी करून घ्यायची, तिथे स्थानिक नोंदणीकृत शिक्षक लावायचे आणि संध्याकाळी त्यांच्या चुका मराठीत समजावून सांगायच्या. ट्रेक लीडर म्हणून तुमच्याकडे हे सगळं आहेच. एक असा सीझन केलात तर परदेशी अर्जात ‘शिकवण्याचा अनुभव’ या रकान्यात लिहायला खरं काहीतरी असेल.

शेवटी वेळापत्रक. ऑस्ट्रेलियातल्या जूनच्या सीझनसाठी बहुतेक रिसॉर्ट वर्षाच्या सुरुवातीला अर्ज मागवतात आणि मुलाखती मार्च-एप्रिलपर्यंत उरकतात. मेमध्ये जागे झालात तर शिक्षकाची जागा गेलेली असते. तेव्हा भाड्याचं दुकान किंवा किड्स सेंटर मिळालं तर घ्या. आतून स्की स्कूलमध्ये सरकणारे दर वर्षी असतात, कारण जुलैत कुणाचा तरी गुडघा दुखावतोच. सोडतीच्या तारखा दर वर्षी बदलतात, त्या ऑस्ट्रेलियन गृहखात्याच्या साइटवरच बघा, एजंटच्या व्हॉट्सॲपवर नाही.

अर्जासोबत स्कीइंगचा व्हिडिओ मागतात. तो मार्चमध्ये गुलमर्गलाच काढून ठेवा. ताज्या बर्फात धुरळा उडवत गेलेला नको, संगीत नको, ड्रोन नको. हलक्या उतारावर स्नोप्लाऊची सहा वळणं, मधल्या उतारावर समांतर दहा, आणि मग गॉगल वर करून इंग्रजीत एक मिनिट ‘पहिल्यांदा स्की घालणाऱ्याला थांबायला कसं शिकवाल’ ते. मित्राला खाली, वळणांच्या समोर उभा करा आणि मोबाइल आडवा धरायला सांगा.